विजेने कार्बन डायऑक्साइडचं रसायन होतं, मग स्वारगेटच्या धुराचं पेट्रोल का होत नाही?

प्रश्न : कार्बन डायऑक्साइडमधून वीज सोडली की त्यापासून अल्कोहोल, प्लास्टिकचा कच्चा माल वगैरे तयार होतो, असं मध्यंतरी वाचलं. हे खरं आहे का? खरं असेल तर स्वारगेटच्या चौकात अशी यंत्रं बसवून गाड्यांच्या धुराचं पुन्हा पेट्रोल का करत नाहीत? बातमी वाचून आमच्या नातवाने सोड्याच्या ग्लासात दोन पेन्सिली बुडवून 9 व्होल्टची बॅटरी जोडली. बुडबुडे भरपूर आले. ते कशाचे होते?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमच्या पत्रात एकात एक तीन प्रश्न आहेत. असं खरंच होतं का, तर होतं. ग्लासातले बुडबुडे कशाचे, तर विजेने निघालेले हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे, बाकी सोड्याचाच फेस. स्वारगेटचं उत्तर मात्र थोडं लांब आहे, कारण त्यात विजेचं बिल येतं. तेव्हा क्रमाने जाऊ.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘कार्बन डायऑक्साइडपासून इंधन’ असं वाचलं की इंधनाची नवी खाणच सापडली असं वाटतं. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून गेलेल्या कार्बनची राख. 12 किलो शुद्ध कार्बन जळतो तेव्हा हवेतला 32 किलो ऑक्सिजन घेऊन त्याचा 44 किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि सुमारे 109 युनिट विजेइतकी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ती ऊर्जा आपण वापरून टाकलेली असते. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर तेवढी ऊर्जा बाहेरून घालावी लागणार, शिवाय वाटेत जे वाया जाईल ते वेगळं. म्हणून या तंत्रातून ऊर्जा मिळत नाही, ऊर्जा खर्च होते. हे एकदा पक्कं केलं की पुढचा बराच गोंधळ टळतो.

दुसरा गैरसमज ‘वायूतून वीज सोडण्या’चा. वायूतून वीज सहजी वाहत नाही. वायूला विजेच्या ऋण टोकाशी आणायचं, तिथे त्याला इलेक्ट्रॉन द्यायचे आणि पाण्यातला हायड्रोजन जोडीला द्यायचा, अशी ही क्रिया आहे. शाळेत पाण्याचं विद्युत अपघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले असतील, त्याच घराण्यातली.

प्रयोगशाळेतलं हे यंत्र तळहातावर मावेल एवढं असतं. बाहेरून धातूच्या दोन जाड चकत्या, त्यांच्या आतल्या अंगाला वायू आणि पाणी फिरवायला कोरलेल्या नागमोडी खाचा. मधे प्लास्टिकच्या कागदासारखा एक पातळ पडदा, जो काही आयन पलीकडे जाऊ देतो पण वायू सहसा मिसळू देत नाही. पडद्याच्या ऋण बाजूला काळा, सच्छिद्र कार्बन-कागद, त्यावर शाईसारखा फवारलेला धातूचा बारीक चुरा. हा चुरा म्हणजे उत्प्रेरक. सगळं बोल्टने आवळून घट्ट केलेलं. एका नळीने ओलसर कार्बन डायऑक्साइड आत जातो, दुसऱ्या बाजूने पोटॅशियम बायकार्बोनेटचं पाणी फिरतं आणि साधारण 3 व्होल्टची वीज जोडली जाते. बाहेर येणाऱ्या नळीत काय आलं ते मोजायला शेजारी एक वायुविश्लेषक उपकरण असतं.

पुणेकरांना या यंत्राचं भावंड माहीत आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणाऱ्या बसचं अनावरण झालं. केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर यांनी मिळून ती तयार केली होती. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘एनसीएल’, याच सीएसआयआरची. त्या बसमधल्या इंधनघटात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन पाणी होतं आणि वीज मिळते. आपल्या प्रश्नातलं यंत्र उलट्या दिशेने चालतं : वीज द्यायची आणि रसायन घ्यायचं. पडदा, सच्छिद्र कार्बन-कागद, उत्प्रेरकाचा थर ही मंडळी दोन्हीकडे असतात. म्हणून इंधनघटावर हात बसलेल्या माणसाला हे काम परकं वाटत नाही.

आता नातवाचा ग्लास. ऋण टोकाशी दोन उमेदवार हजर असतात : पाणी आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. पाणी चहूकडे आहे, तर साध्या दाबाला लिटरभर पाण्यात हा वायू जेमतेम दीड ग्रॅम राहतो. सोड्याच्या बाटलीत तो दाबाने जास्त भरलेला असतो, पण झाकण उघडताच निसटू लागतो. त्यात पेन्सिलीतलं ग्राफाइट कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवत नाही. तेव्हा इलेक्ट्रॉन पाण्याकडे जातात आणि हायड्रोजन निघतो. दुसऱ्या पेन्सिलीपाशी ऑक्सिजन निघतो आणि ग्राफाइटही थोडं झिजतं. सोड्यातला मूळचा फेस त्यात मिसळतो, म्हणून बुडबुडे भरपूर दिसतात. एक सूचना मात्र कराच. वीज जास्त वाहावी म्हणून मुलं पाण्यात मीठ घालतात. तसं केलं की धन टोकाशी विषारी क्लोरीन निघू शकतो. मीठ घालू देऊ नका.

पेन्सिलीने जमलं नाही ते कशाने जमतं? इथे धातूची निवड आली. कार्बन डायऑक्साइडवर विजेचे प्रयोग एकोणिसाव्या शतकापासून चालू आहेत, पण कोणता धातू काय देतो याचा नकाशा स्पष्ट केला तो जपानच्या चिबा विद्यापीठातल्या योशिओ होरी यांनी, 1985 आणि त्यानंतरच्या वर्षांत. चांदी किंवा सोनं वापरलं तर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मिळतो. कथील, शिसं, बिस्मथ वापरलं तर फॉर्मिक आम्ल किंवा त्याचा क्षार. प्लॅटिनम, निकेल, लोखंड वापरलं तर बहुतेक हायड्रोजनच, म्हणजे नातवाच्या पेन्सिलीचाच निकाल, फक्त खर्चिक. आणि तांबं वापरलं तर मिथेन, इथिलीन, अल्कोहोल अशी पुढची रसायनं.

म्हणजे कसबा पेठेतल्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या ठोकला जाणारा धातूच इथे सगळ्यांत गुणी ठरला. कारण असं : कार्बन डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन काढला की कार्बन मोनॉक्साइड उरतो. चांदी त्याला लगेच सोडून देते. प्लॅटिनम त्याला इतका घट्ट धरतं की पुढे काही घडत नाही. तांबं त्याला सोडतही नाही आणि जखडूनही ठेवत नाही. त्यामुळे दोन रेणूंना शेजारी शेजारी थांबायला सवड मिळते, त्यांचे कार्बन एकमेकांना जोडले जातात आणि दोन कार्बनचं इथिलीन किंवा इथेनॉल बनतं. पण गुणी माणसाला एकच काम सांगता येत नाही, तसं तांब्याचं आहे. 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तांब्यावर तयार होणारे पदार्थ बारकाईने मोजले तेव्हा ते 16 निघाले. कारखान्याला एक पदार्थ हवा असतो, सोळा नव्हे. उरलेले पंधरा वेगळे काढण्यातच पैसा जातो.

इथे कुणी विचारेल, कार्बन मोनॉक्साइड तर विषारी, बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून माणसं दगावतात ती त्यानेच, मग तो मुद्दाम कशाला करायचा? घरात तो विष आहे हे खरं. कारखान्यात मात्र बंद नळ्यांतून फिरणारा तो मोलाचा कच्चा माल आहे. त्यात हायड्रोजन मिसळला की त्यापासून मिथेनॉल करता येतं. जर्मनीत 1920च्या दशकात शोधलेल्या फिशर-ट्रॉप्श पद्धतीने त्याचं डिझेलसारखं द्रव इंधनही होतं. ॲसिटिक आम्लाच्या कारखान्यातही तो लागतो. फॉर्मिक आम्लाला चामडं कमावण्यात आणि रबराचा चीक गोठवण्यात मागणी असते. इथिलीन तर पॉलिथिनचा पायाच.

या घराण्यातलं एक यंत्र मंगळावरही चालून आलं आहे. नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीत मॉक्सी नावाचं उपकरण होतं. त्यात पाणी नव्हतं; सुमारे 800 अंश सेल्सिअसला तापवलेल्या सिरॅमिकच्या थरांतून मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा ऑक्सिजन विजेने वेगळा काढला जात होता. 2021 ते 2023 या काळात ते 16 वेळा चालवलं आणि त्याने एकूण 122 ग्रॅम ऑक्सिजन दिला. मंगळावर श्वासाला आणि रॉकेटला ऑक्सिजन लागणार, तिथे विजेचा भाव कुणी विचारत नाही. पृथ्वीवर विचारावा लागतो.

आता अडचणींकडे येऊ. पहिली अडचण क्षाराची. ऋण बाजूला क्रिया होताना हायड्रॉक्साइड आयन तयार होतात आणि आत येणारा कार्बन डायऑक्साइड त्यांच्याशी संयोग पावून कार्बोनेट होतो. वर वर्णन केलेल्या प्रकारच्या यंत्रात कार्बन मोनॉक्साइड करताना, खर्ची पडलेल्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास असा कार्बोनेटच्या वाटेने जातो. यंत्र काही काळ चालवून उघडलं की काळ्या कागदावर पांढरी भुकटी जमलेली दिसते, ती हीच. तिने छिद्रं बुजतात, वायू आत शिरेनासा होतो, पाणी साचतं आणि हायड्रोजन पुन्हा डोकं वर काढतो. दुसरी अडचण टिकाऊपणाची. उत्प्रेरकाचे कण वापरात आकार बदलतात, एकमेकांना चिकटतात. काही तास उत्तम चाललेलं यंत्र शोधनिबंधाला पुरतं. कारखान्याला ते वर्षानुवर्षं चालावं लागतं.

तिसरी अडचण विजेची, आणि तीच सर्वांत मोठी. हिशेब करून पाहू. एक किलो कार्बन मोनॉक्साइड करायला साधारण 1.6 किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. वीज, सिद्धांताने, अडीच युनिटच्या आसपास लागायला हवी. पण यंत्र 3 व्होल्टला चालवलं की ती जवळपास 6 युनिट लागते. यातला मोठा वाटा दुसऱ्या बाजूला पाण्यातून ऑक्सिजन काढण्यातच जातो. आपल्या देशातली जवळजवळ तीन चतुर्थांश वीज कोळशापासून येते आणि ग्रिडमधल्या दर युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे 6 युनिटमागे चार किलोहून जास्त. दीड-पावणेदोन किलो वायू संपवण्यासाठी चार किलो वायू सोडायचा, हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. म्हणून ही वीज उन्हाची, वाऱ्याची किंवा पाण्याची असेल तरच या तंत्राला अर्थ आहे.

इथिलीनचं गणित याहून जड. एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असं धरलं तरी 3 व्होल्टला किलोमागे सुमारे 35 युनिट लागतात. युनिटला 6 रुपये धरा, नुसत्या विजेचे 210 रुपये झाले. खनिज तेल आणि वायूपासून केलेलं इथिलीन अलीकडच्या वर्षांत बहुतेक वेळा किलोला शंभर रुपयांच्या आत मिळत आलं आहे. संशोधक मागे पडलेले नाहीत. स्पर्धा कुणाशी आहे ते लक्षात घ्यायला हवं.

आता चला स्वारगेटला. पहिली गोष्ट, चौकात धूर कितीही डोळ्यांना झोंबला तरी हवेत कार्बन डायऑक्साइड असतो 0.04 टक्क्यांच्या थोडा वर. झोंबतात ते धुळीचे आणि काजळीचे कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत तो असतो जेमतेम 25 ग्रॅम. किलोभर हवा असेल तर अशा चाळीसेक खोल्यांची हवा गाळावी लागेल. गाळणीलाही ऊर्जा लागतेच. शिवाय हवेतला ऑक्सिजन यंत्रात शिरला तर इलेक्ट्रॉन तोच आधी पटकावतो, आणि धुरातलं गंधक उत्प्रेरकाला मारतं. वायू चांगला शुद्ध करूनच आत सोडावा लागतो.

दुसरी गोष्ट याहून निर्णायक आहे. समजा, एखादी पेट्रोलची स्कूटर लिटरला 45 किलोमीटर जाते आणि रोज 15 किलोमीटर फिरते. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे तिचा रोजचा झाला पाऊण किलोच्या वर. तो सगळा कसाबसा गोळा केला असं मानू. त्याचा नुसता कार्बन मोनॉक्साइड करायला 3 युनिट वीज लागेल. पेट्रोलपर्यंत जायला आणखी वेगळी. तेवढ्याच 3 युनिटवर विजेची स्कूटर जवळपास शंभर किलोमीटर जाते. म्हणजे पंधरा किलोमीटरचा धूर निस्तरायला लागणारी वीज सरळ चाकाला दिली तर आठवडाभराचं फिरणं होऊन जातं. स्वच्छ वीज हाताशी असेल तर ती आधी स्कूटरला द्यावी, धुराला नव्हे. तुमच्या स्वारगेटच्या प्रश्नाचं उत्तर हे.

मग हे संशोधन कशासाठी? कारण प्रत्येक ठिकाणी विजेने काम भागत नाही. औषधं, द्रावकं, रंग, प्लास्टिक यांच्या रेणूंत कार्बन लागतोच आणि आज तो बहुतांशी खनिज तेल, वायू आणि कोळशातून येतो. लांब पल्ल्याच्या विमानाला बॅटरीचं वजन पेलत नाही, त्याला द्रव इंधन हवं. अशा ठिकाणी कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन वापरता आला तर तेलावरचा भार हलका होतो.

आणि शुद्ध वायू शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांना जोडून डिस्टिलऱ्या आहेत. तिथे मळी किंवा उसाचा रस आंबवताना लिटरभर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तो बराचसा शुद्ध असतो. त्यात चिमणीच्या धुरासारखा नायट्रोजन आणि काजळी नसते. शिवाय हा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला. त्यापासून केलेलं इंधन जळलं तरी कार्बन जिथून आला तिथेच परततो. कोळशाच्या चिमणीतून घेतलेल्या वायूचं इंधन जाळलं तर तो वायू एक काम जास्त करून अखेर हवेतच जातो. फरक महत्त्वाचा आहे, बातम्यांत तो अनेकदा पुसला जातो.

सध्या मोठ्या प्रमाणावर चालतो तो मात्र जरा वळणाचा रस्ता : विजेने आधी पाण्यातून हायड्रोजन काढायचा, मग उष्णता आणि दाबाखाली त्याची कार्बन डायऑक्साइडशी क्रिया करून मिथेनॉल करायचं. आइसलंडमध्ये भूगर्भातल्या उष्णतेवर चालणाऱ्या वीजकेंद्राशेजारी 2012 मध्ये असा कारखाना सुरू झाला, पुढे वर्षाला 4000 टन मिथेनॉल करू शकणारा. रसायनशास्त्राचे नोबेल मानकरी जॉर्ज ओलाह यांचं नाव त्याला दिलं आहे. आपल्याकडे एनटीपीसीने मध्य प्रदेशातल्या विंध्याचल वीजकेंद्रात चिमणीतल्या वायूपासून दिवसाला 10 टन मिथेनॉल करण्याचा प्रकल्प उभारला. मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडणं आणि वापरणं याच विषयाचं राष्ट्रीय केंद्र आहे. थेट विजेचं यंत्र या वळणाच्या रस्त्याला मागे टाकेल का, हे वरच्या तीन अडचणी किती सुटतात त्यावर ठरेल.

“झाडं हे फुकटात करतात, मग खटाटोप कशाला?” असाही प्रश्न नेहमी येतो. झाडाची थोरवी अशी की ते 0.04 टक्क्यांतूनही वायू उचलतं आणि स्वतःची दुरुस्ती स्वतः करतं. पण बहुतेक पिकं उन्हातल्या ऊर्जेचा एखाद-दुसरा टक्काच साठवतात, तर छपरावरचं सौरपॅनेल वीसेक टक्क्यांची वीज करतं. झाडाला यंत्र पर्याय नाही आणि यंत्राला झाड नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.

शेवटी आवाक्याबद्दल. कार्बन डायऑक्साइड आजही कारखान्यांत वापरला जातो. अलिबागजवळच्या थळला तयार होणाऱ्या युरियात तो असतो. पण जगातलं सगळं मिथेनॉल, वर्षाला 11 कोटी टनांच्या आसपास, उद्या या वायूपासून केलं तरी त्यात साधारण 15 कोटी टन वायू खपेल. खनिज इंधनं जाळून वर्षाला सोडला जातो 3700 कोटी टनांच्या घरात. म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हवा साफ करण्याचं औषध म्हणून या तंत्राकडे पाहिलं तर निराशा होईल. तेलाशिवाय रसायनं करण्याची युक्ती म्हणून पाहिलं तर ते कामाचं आहे.

पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा तिच्यात तीन गोष्टी शोधा : वीज कशापासून केली, वायू कुठून आणला आणि किलोमागे किती युनिट लागली. तिन्ही दिलेल्या असतील तर बातमी कात्रण काढून ठेवण्यासारखी आहे. तिसरीच गाळलेली असेल, तर यंत्र अजून प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे असं खुशाल समजा.